फळ्या उतरवणार नाही

दादा, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुझ्या गॅरेजवरून माझी दोन भांडणं झाली. एक मेश्रामकाकांशी आणि दुसरं माझं माझ्याशीच. दोन्ही ऐकायला तू हवा होतास. तुला भांडण आवडायचं. "माणूस भांडते म्हणजे जिवंत आहे," असं म्हणायचास आणि कडाक्याचं भांडून झालं की ताट घेऊन बसायचास, जसं काही घडलंच नाही.

तू गेलास त्याच्या सहाव्या दिवशी मेश्रामकाका घरी आले. आपल्या इथल्या, जयंती करणाऱ्या मंडळातले ते सगळ्यात वडीलधारे, रिटायर्ड फार्मासिस्ट. नवीन आलेल्या पोरांना पहिलं जेवण त्यांच्याच घरी मिळतं. वहिनीला नुकताच डोळा लागला होता. काकांनी मला किचनच्या कोपऱ्यात बोलावलं.

"बेटा, हॉलमधल्या शोकसभेनंतर बरीच माणसं घरी येतील. सगळ्या प्रकारची येतील. आपली येतील, महाराष्ट्र मंडळातली येतील, प्रमोदच्या ऑफिसमधली येतील. गॅरेजमधलं ते सगळं उतरवून ठेवू या का? मी दोन-तीन जणांना पाठवतो. तासाभराचं काम."

"काय उतरवून ठेवू या, काका?"

त्यांनी आवाज खाली आणला. "त्या फळ्या. आणि ती... कातडी."

दवाखान्यात आपण एखाद्या आजाराचं नाव घेतो ना, तसा त्यांनी तो शब्द घेतला. मी म्हटलं, "बघते." ते गेले. आणि मी खरंच बघायला गेले.

त्या फळ्यांविषयी मला आता किती कळतं, ते तुला सांगते. चुकलं तर तुझ्याशिवाय सांगणारं कोणी नाही.

बासवुडची फळी घ्यायची. हलकी, बिनगाठीची. पाइन स्वस्त मिळतं, पण त्याला चीक सुटतो आणि कातड्याला डाग पडतो. मस्करॅट म्हणजे तळ्यात राहणारं, घुशीहून थोडं मोठं, दाट केसांचं जनावर. त्याच्यासाठी फळी सव्वा हात लांब, खाली वीतभराला जरा कमी, वर निमुळती होत जाणारी आणि टोकाला गोल. दोन्ही कडा रंध्यानं उतरवायच्या. मग सँडपेपर, आधी जाडा, मग बारीक, आणि शेवटी नुसता तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला न दिसणारं कुसळ तळहाताला लागतं. कुसळ राहिलं की कातडं फाटलंच. जनावराचं कातडं अख्खं काढायचं, मोजा काढावा तसं, आणि उलटं करून फळीवर चढवायचं. केस आत, चामडी बाहेर. पोटाच्या बाजूनं एक लांब पातळ पाचर सरकवून ठेवायची. कातडं वाळताना आवळत जातं, फळीला घट्ट धरतं. पाचर ओढली की ढिलं पडतं आणि सहज निघतं. पाचर घालायला विसरलं तर एक तर फळी तोडा, नाही तर कातडं फाडा. आणि हीटर लावायचा नाही. कातडं गारव्यातच वाळलं पाहिजे, म्हणून तुझ्या गॅरेजमध्ये जानेवारीत श्वासाची वाफ दिसायची.

बरोबर ना? यातलं बरंचसं मी भांडता भांडता शिकले.

सुरुवात तळ्यापासून झाली. ॲन आर्बरच्या पश्चिमेला, शहर संपून शेतं लागतात तिथं तू घर घेतलंस, तेव्हा मी विचारलं होतं, एवढ्या लांब कशाला? तू म्हणालास, "मले पाणी पायजे खिडकीतून." तिसऱ्या वर्षी मस्करॅटांनी तळ्याचा बांध आतून पोखरला आणि पाणी शेजारच्या रेच्या गवतात शिरलं. रे म्हणजे एकटा राहणारा म्हातारा शेतकरी, लहानपणापासून हिवाळ्यात सापळे लावणारा. तो भांडायला येईल असं तुला वाटलं होतं. तो लायसन्स खिशात घेऊन, सापळे घेऊन आला आणि म्हणाला, मी बघतो. त्याच्याकडे तारेचे साचे होते. त्यावरची कातडी बघून तू त्याला म्हणालास, याचा शेप चुकलाय. सगळी नोकरी तू गाड्यांच्या सीटच्या फ्रेम डिझाइन करण्यात घालवलेली. वाकडी रेघ तुला सहन व्हायची नाही. रे म्हणाला, माझ्या वडिलांकडे लाकडाच्या फळ्या होत्या, कोठार जळालं त्यात गेल्या. पुढच्या आठवड्यात तू त्याला चार फळ्या करून दिल्यास. त्याच्या वडिलांच्या फळ्यांहून चांगल्या आहेत असं तो म्हणाला आणि तिथं तू फसलास.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी युनिव्हर्सिटीत डेटा बघणारी बाई, महिन्यातून एखादा वीकेंड तुझ्याकडे यायची. एका शनिवारी वहिनीनं तांदळाची गोणी आणायला गॅरेजमध्ये पाठवलं. दिवा लावला आणि समोर दोरीला ओळीनं वीस-पंचवीस फळ्या, प्रत्येकीवर चढवलेलं कातडं.

तू मागून आलास, हातात चहा.

"हे काय आहे, दादा?"

"मस्करॅट."

"ते आपल्या घरात काय करतंय?"

"वाळते आहे."

मी गोणी तिथंच टाकली. "आज्यानं काय सोडलं होतं, माहीत आहे ना तुला?"

"तुहा जन्म नव्हता तेव्हापासून माहीत आहे."

आपल्या आज्याची गोष्ट आपल्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की ती मला मी पाहिल्यासारखी आठवते. गावातलं ढोर मेलं की आपल्या वस्तीनं ते ओढायचं, सोलायचं. कातडं ज्याचं ढोर त्याच्याकडे पोचवायचं. मग एका सभेत वस्तीनं शपथ घेतली, यापुढे ओढकाम बंद. पाटलाचा बैल मेला तेव्हा निरोप आला आणि आजा उंबऱ्यातून हलला नाही. बैल तीन दिवस कुजत पडला. गावानं मजुरी बंद केली, दुकानातलं मीठसुद्धा बंद केलं. आजी अळणी भाकरी खाऊन बाबांना पाजत होती. आज्यानं सोलायची सुरी लोहाराकडे नेली आणि तिचा विळा करून आणला. त्या अळणी भाकरीवर आपले बाबा शिकले, नागपुरात क्लार्क झाले, तू इंजिनियर झालास, मी इथं आले. आणि तू गॅरेजमध्ये कातडी वाळत घातलीस!

"आज्यावर जबरदस्ती होती," तू म्हणालास. "माह्यावर कोणाची आहे? सोडायचा हक्क त्याचा होता, तसा धरायचा हक्क माहा आहे."

"आणि पंचशील? रोज सकाळी पाणातिपाता म्हणतोस, जीव घेणार नाही म्हणून, ते?"

यावर तू चहाचा घोट घेतलास. "त्याचं उत्तर माह्याजवळ नाही," म्हणालास. "सापडलं की सांगीन."

दादा, ते उत्तर तू कधीच दिलं नाहीस. याची नोंद मी ठेवली आहे.

मग ती दिवाळी. महाराष्ट्र मंडळाचा पॉटलक, शाळेचं भाड्यानं घेतलेलं कॅफेटेरिया. तुझ्या बोटाला पट्टी होती. कोणीतरी विचारलं, काय झालं? तुला खोटं सांगता यायचं नाही. तू फोन काढून फोटोच दाखवायला लागलास. बघा, ही मिंकची फळी, ही रॅकूनची, ही अशी घासायची. पाच-सहा जण जमले. त्यात एक गृहस्थ होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, तेवढा मान त्याला देणार नाही. तो हसत हसत म्हणाला, "शेवटी रक्तात असतं ते, काय? अमेरिकेत आलं तरी जात नाही."

दोघं-तिघं हसले. बाकीचे आपापल्या प्लेटमध्ये बघायला लागले.

तू फोन खिशात ठेवलास. आवाज एवढासाही चढला नाही. "हो, रक्तातच आहे," म्हणालास. "माझ्या आजोबांचे हात आहेत हे. तुमच्या रक्तात काय आहे तेही सांगा ना. मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू द्या."

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला ते काढायचंही सुचेना.

"शिकायचं असेल तर शनिवारी या," तू म्हणालास. "पहिला महिना फक्त भुसा झाडायचा." आणि तू श्रीखंड घ्यायला गेलास. दुसऱ्यांदा.

रिया तेव्हा बारावीत होती. "गो, बाबा!" असं ती तिथंच मोठ्यानं म्हणाली. मलाही अभिमान वाटला, पण बरोबरीनं लाजही वाटली, आणि लाज मला सहन झाली नाही. वहिनी आणि रिया डबे भरत होत्या. पार्किंग लॉटमध्ये आपण दोघंच होतो. तिथं मी ते बोलले.

"आज्यानं ज्या घाणीतून आपल्याला बाहेर काढलं ती तू हौसेनं घरात आणलीस. त्याच्या तोंडाला काळं फासलंस तू."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "सीटबेल्ट लाव. रस्त्यावर बर्फ आहे."

मी माझ्या गाडीत बसले आणि सात महिने तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. आपण दोघं त्याच एका म्हाताऱ्याची नातवंडं. उंबऱ्यातून हलायचं नाही हे आपल्याला चांगलं जमतं. जयंतीच्या कार्यक्रमात आपण एकाच हॉलमध्ये होतो. तू पहिल्या रांगेत, मी मागच्या दारापाशी. लांबूनच "जय भीम" केला आणि पोळीभाजीच्या रांगेत एकमेकांना टाळलं.

जूनमध्ये वहिनीचा फोन आला. स्वादुपिंड. डॉक्टरांनी वेळ सांगितली होती, तीही फार नाही.

मी त्याच दुपारी निघाले. तू दारात उभा होतास, शर्ट अंगावर लोंबत होता. मला वाटलं आता रडारड होईल, मी माफी मागेन, तू डोक्यावर हात ठेवशील. तू म्हणालास, "बरं झालं आलीस. क्लॅम्प धराले कोणी नाही."

मी क्लॅम्प धरला. मला दुसरं काय येत होतं?

त्यानंतर दर शुक्रवारी मी येत राहिले. केमोचा आठवडा सोडला तर तू गॅरेजमध्ये असायचास. रंधा जड झाला तेव्हा रे रंधा मारायचा आणि तू फक्त सँडपेपर करायचास. खुर्चीवर बसून, मांडीवर जुनी चादर घेऊन. रे फार बोलायचा नाही. एकदा मला म्हणाला, तुझ्या भावासारखी कड उतरवणारा माणूस मी पाहिला नाही, आणि पाहायला आता वेळही उरला नाही. हे तुला त्यानं कधी सांगितलं नसेल. मी सांगते.

सप्टेंबरातल्या एका दुपारी तू आणि मी दोघंच होतो. गॅरेजचं दार वर, बाहेर ऊन. तू एक फळी घासत होतास आणि मी, मला राहवलं नाही म्हणून, पुन्हा तोच विषय काढला. "दादा, खरं सांग. आज्यानं हे पाहिलं असतं तर?"

तू हात थांबवला नाहीस.

"तुले एक गोष्ट माहीत नाही, बबे. मी सात-आठ वर्षांचा होतो. आज्याजवळ झोपायचो. तो एकदा म्हणाला, प्रमोद, पाच गावांत माह्यासारखं सोलणारा कोणी नव्हता. अख्ख्या बैलाच्या कातड्याले एक भोक नाही. माणसं पाह्याले यायची. मी म्हटलं, आजा, मग सोडलं काऊन? तो म्हणाला, सोडलं ते बरोबरच केलं. एक दिवस वाईट वाटलं नाही. पण हात रिकामे झाले ना बाबा. त्याहिले काय सांगू?"

मी म्हटलं, "खोटं. तू हे आत्ता बनवलंस."

"पूस त्याले."

"बाबांनी कधी सांगितलं नाही."

"बाबाले त्यानं सांगितलं नसंन. बाबाले शिकवायचं होतं त्याले. मले झोपवायचं होतं."

तुझा एक डोळा बारीक झाला होता, तुला मजा येत असली की व्हायचा तसा. किंवा दुखत असेल. मला आजही कळलेलं नाही आजा ते खरंच बोलला होता, की मरायच्या आधी मला गप्प करायला तू त्याच्या तोंडी घातलंस. पुसायला आता दोघंही नाहीत. पण त्या दिवशी घरी जाताना मी गाडी बाजूला घेऊन थांबले. मला आज्याचे हात आठवत होते. मी चार वर्षांची असताना तो गेला. हात मांडीवर पालथे ठेवून तो ओट्यावर बसायचा, तासन् तास. म्हातारी माणसं बसतात तसं, एवढंच मला वाटलं होतं.

जानेवारीत हॉस्पिसच्या नर्सनं तुझा बेड खिडकीपाशी लावला. तळं गोठलं होतं. शेवटच्या मंगळवारी तू शुद्धीवर होतास आणि खोलीत आपण दोघंच. पार्किंग लॉटमधलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, मागं घ्यायला. "दादा," मी म्हटलं.

"बासवुड आलं का?" तू विचारलंस.

"आलं. काल आलं."

"कोरडं आहे?"

"हो."

"मंग ठीक आहे."

आणि तू डोळे मिटलेस. गुरुवारी सकाळी अकराला गेलास. तुझा हात वहिनीच्या हातात होता, रिया पायाशी बसली होती, आणि मी सिंकपाशी कप धूत होते. कप धूत होते, दादा. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता त्या दुसऱ्या भांडणाचं सांगते.

मेश्रामकाका गेले आणि मी गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर चढले. फळ्या उतरवायला लागले. काकांना दोष देत नाही; हे काम मी स्वतःच्या मनानं करत होते. कातडं चढवलेल्या वेगळ्या, रिकाम्या वेगळ्या, सगळ्या चादरीखाली ठेवत होते. मनात म्हणत होते, चारच दिवसांचा प्रश्न आहे, मग परत लावू. अकरा फळ्या उतरवून झाल्या तेव्हा रिया आली.

"आत्या, व्हॉट आर यू डूइंग?"

"बेटा, लोक येणार आहेत."

"सो?"

"सगळ्यांना समजत नाही. उगाच कोणी काही बोलायला नको. आईला त्रास होईल."

माझा आवाज मलाच ऐकू आला. खाली आलेला, किचनच्या कोपऱ्यातला. मेश्रामकाकांचा आवाज माझ्या तोंडातून येत होता.

"हू आर वी हायडिंग फ्रॉम?" तिनं विचारलं. रागानं नव्हे, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी उत्तर शोधलं. ज्या माणसाचं नाव मी लिहीत नाही, त्याच्यापासून? त्याच्यासाठी मी तुझी भिंत रिकामी करत होते? आज्यानं अख्ख्या गावाला कुजका बैल दाखवला होता, आणि त्याची नात एका कॅफेटेरियातल्या हसण्याला भिऊन चादरी शोधत होती. मग म्हटलं, "रिया, ती फळी दे वर."

अकराच्या अकरा परत लावल्या. रियानं दिल्या, मी लावल्या. मग मेश्रामकाकांना फोन केला. "काका, हॉल कॅन्सल करा. शोकसभा गॅरेजमध्ये होईल."

"बेटा, विचार कर."

"केला."

"थंडी केवढी आहे."

"कोट घालून या."

त्यांनी फोन ठेवून दिला. तासाभरानं शोकसभेच्या कार्डाच्या मजकुराविषयी मेसेज आला. त्यांनी लिहिलं होतं, सीनियर डिझाइन इंजिनियर, समाजसेवक. मी त्याच्याखाली एक ओळ घालून परत पाठवलं: कातडी वाळवण्याच्या लाकडी फळ्या बनवणारे कारागीर. इंग्लिशमध्येही तेच. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता लोक यायला लागले. रेनं चर्चमधून पन्नास खुर्च्या आणल्या होत्या आणि गॅसचा एक मोठा हीटर. कातडी त्यानं हीटरपासून लांबच्या भिंतीला स्वतः हलवली, खाली उतरवून नव्हे, सरकवून. तुझा फोटो तुझ्या वर्कबेंचवर. मेणबत्ती, फुलं, शेजारी रंधा. कोणी म्हणालं रंधा काढू या, वहिनी म्हणाली राहू द्या. वहिनी त्या दिवशी एवढं एकच वाक्य बोलली.

आपली माणसं आली. अ‍ॅशबर्नहून तुझा कॉलेजचा मित्र रात्रभर ड्राइव्ह करून आला. ऑफिसातली आली. ज्याचं नाव मी लिहीत नाही, तोही आला, बायकोबरोबर. येऊन भिंतीकडे बघून मला म्हणाला, "फार कष्टाळू होते हो. मोठे इंजिनियर." मी त्याच्या हातात एक फळी दिली. "धरा," म्हटलं. "तळहात फिरवून बघा. कुठं टोचतंय का?" त्यानं फिरवला. काय करणार? "नाही," म्हणाला. "टोचणार नाही," मी म्हटलं, "शनिवारी आला असतात तर कसं करतात तेही कळलं असतं." त्यानं फळी माझ्या हातात परत दिली आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. मी ती जागेवर ठेवली. तू असतास तर परत श्रीखंड घेतलं असतंस.

वंदना झाली. मग मेश्रामकाका उठले. मला वाटलं होतं ते येणारच नाहीत. आले होते, सूट घालून, वर जाड कोट, आणि माझ्याकडे न बघता पहिल्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात कागद होता. शिक्षण, स्कॉलरशिप, नोकरी, मंडळातलं काम, असं सगळं लिहिलेलं. दोन ओळी वाचल्या आणि थांबले. वर भिंतीकडे बघितलं. इतका वेळ थांबले की त्यांच्या थोरल्या मुलाला वाटलं तब्येत बिघडली, तो अर्धा उठला.

काकांनी कागदाची घडी केली.

"माझे वडील शाळामास्तर होते, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो," ते म्हणाले. "ते मास्तर नव्हते. मेलेली ढोरं सोलायचे. आमच्या गावानं ओढकाम सोडलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याच्या आधी मी त्यांच्याबरोबर जायचो. ढोराचे पाय धरायला. बायकोला माहीत आहे. मुलांना आज कळतंय."

"चार दिवसांपूर्वी मी या घरी आलो आणि या पोरीला म्हटलं, हे उतरवून ठेव. माझी चूक झाली. वडिलांचं नाव दौलत होतं." एवढं बोलून ते खाली बसले. त्यांचा मुलगा आला आणि खुर्ची नव्हती म्हणून बापाच्या शेजारी काँक्रीटवर बसला. रेला एकही शब्द कळला नव्हता, पण त्यानं टोपी काढली.

सगळे गेल्यावर काका गाडीपाशी थांबले. मी त्यांचा हात धरला. "बेटा, बोललो खरं," ते म्हणाले, "पण भीती गेली असं समजू नको." मी म्हटलं, "माझीही गेलेली नाही, काका." मग ते जरा हसले आणि म्हणाले, प्रमोद भांडला असता माझ्याशी. मी म्हटलं, जेवायला वाढून भांडला असता.

काल रे विचारायला आला होता. सापळ्यांचा सीझन अजून संपलेला नाही. गॅरेज आणि फळ्या वापरू का? वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. रिया म्हणते तिला फळी बनवायला शिकायचं आहे, फक्त फळी. बासवुडचा नवा लॉट तसाच पडून आहे. तिचं ती ठरवेल.

दादा, पार्किंग लॉटमधलं ते वाक्य मी मागं घेते. तुझ्या कानात सांगायचं होतं, आता सगळ्यांसमोर लेखी देते. तू आज्याच्या तोंडाला काळं फासलं नाहीस. ते मी भीतीनं बोलले होते आणि भीतीला आज्याचं नाव दिलं होतं. पण एवढ्यानं तू जिंकलास असं समजू नकोस. त्या फळीवर मी स्वतः कधी कातडं चढवणार नाही. धरायचा हक्क तुझा, तसा न धरायचा हक्क माझा, आणि मला तो आज्यानं मीठ सोडून मिळवून दिलाय. पाणातिपाताचं उत्तर तुझ्याकडे बाकी आहे. आणि आजा ते हातांचं खरंच बोलला होता की नाही, हेही बाकी आहे.

मला आता गप्प बस म्हणणारे भेटतील. झालं गेलं, भाऊ गेला, आता कसलं भांडण, असं म्हणतील. मी गप्प बसणार नाही. आपल्या दोघांत जे चाललंय ते चालूच राहील, आणि ते संपवायचा अधिकार मी मरणाला दिलेला नाही.